डाएट चिवडा: भाजलेला खरा, पण हलका?

पाकिटावरचा 'डाएट' हा शब्द तळणीपुरता असतो. पातळ पोहे तळले नाहीत, भाजले, एवढाच त्याचा अर्थ. चवीला प्रकार छान: कुरकुरीत, हाताला तेल लागत नाही, कढीपत्ता-मिरचीचा वास ताजा. पण वजन उतरवायला म्हणून आणत असाल, तर आधी पाकीट उलटं करा.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पोह्यांमागोमाग पामतेल आणि साखर दिसली तर पाकीट परत फळीवर ठेवावं. आकडे 100 ग्रॅमचे बघावेत, 'सर्व्हिंग'चे नव्हेत. सर्व्हिंग 20-30 ग्रॅमचं धरतात, म्हणजे जेमतेम एक वाटी. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. 'ट्रान्स फॅट (हृदयाला घातक चरबी) नाही' या ओळीला भुलू नका. तेलातुपात ते 2 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम 2022 पासून सगळ्यांनाच लागू आहे.

घरच्या मापाने हिशेब करू. पोहे 250 ग्रॅम, शेंगदाणे 50, डाळवं 25, तेल 2 मोठे चमचे, पिठीसाखर 2 छोटे चमचे. सगळे मिळून सुमारे 1500 कॅलरी, म्हणजे 100 ग्रॅमला 425च्या आसपास. तळलेला बहुधा 500च्या वर जातो. फरक आहे, पण डबा मांडीवर घेऊन बसलं की 100 ग्रॅम कधी संपतात ते कळत नाही. तेवढ्या कॅलरीत ज्वारीच्या अडीच भाकऱ्या होतात (एकीला 50 ग्रॅम पीठ). भाकरीत पाणी असतं, ती पोटाला आधार देते. चिवडा कोरडा, आणि प्रथिनं 100 ग्रॅमला दहाएक ग्रॅमच.

प्रथिनं पचवताना त्यांच्या 20 ते 30 टक्के कॅलरी खर्च होतात, पिष्टाच्या 5 ते 10, तेलाच्या फार तर 3. चिवड्यात मुख्यतः पिष्ट आणि तेलच, तेव्हा 'मेटाबॉलिझम (शरीराचा कॅलरी-खर्च) वाढवणारा चिवडा' ही निव्वळ जाहिरात. रात्रीचं जेवण सोडून रोज चिवड्यावर भागवणाऱ्यांचं तर उलटंच होतं: प्रथिनं कमी पडतात, चरबीबरोबर स्नायूही झडतात, बसल्या जागी होणारा कॅलरींचा खर्च घटतो, आणि पूर्वीइतकं जेवू लागताच वजन परत चढतं. त्यापेक्षा वाटीभर चिवड्यात अर्धी वाटी वाफवलेली मोडाची मटकी, कांदा आणि लिंबू घालून लगेच खावा. थांबलात की लगदा होतो.

घरी करायचा तर पोहे मंद आचेवर 8-10 मिनिटं, बोटांत चुरडेपर्यंत भाजा. आच वाढवली की आकसून चिवट होतात. हळद फोडणीत शेवटी, नाहीतर करपते. मीठ-साखर गॅस बंद केल्यावर. कोमट असताना डबा बंद केला तर वाफेने सगळा चिवडा सादळतो.