‘ऑटो आहे, हवं तेवढंच घेईल’ म्हणाला, आणि माझे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट गेले

लाज वाटतेय, तरी लिहितो. निदान तुमचे तरी वाचतील.

माझे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) २४ व्होल्ट पॅसिव्हवाले, म्हणजे काही विचारपूस न होता केबलमधून सलग २४ व्होल्ट घेणारे. तीन पीओई इंजेक्टर (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे अ‍ॅडॅप्टर) मागवण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारलं होतं. उत्तर आलं, ‘८०२.३एएफ आहे, २४ की ४८ ते स्वतः ओळखतो. ऑटो आहे, हवं तेवढंच घेईल.’ मला मूर्ख म्हणण्याआधी ऐका. खरा एएफ, म्हणजे ८०२.३एएफ या पीओई मानकाचा, इंजेक्टर आधी जेमतेम दहा व्होल्टपर्यंत चाचपणी करतो. समोरच्या उपकरणात २५ किलोओहम रोधाची ओळखखूण सापडली तरच ४८ च्या आसपास सोडतो, नाहीतर गप्प बसतो. म्हणजे फार तर चालला नसता. जाळलं तरी नसतं! (‘हवं तेवढंच घेईल’ हे करंटचं खरं, व्होल्टेजचं नाही. हे मला माहीत होतं, हेच जास्त झोंबतं.)

केबलचं दुसरं टोक माझ्या हातात मोकळं लोंबत होतं आणि इंजेक्टरवरचा ‘पीओई’चा हिरवा दिवा लख्ख पेटलेला. समोर कोणी नसताना हा वीज देतोय कोणाला? शंका आली होती हो. तरी खोचली केबल. अ‍ॅक्सेस पॉइंटचा दिवा एकदा लुकलुकला, जळका वास आला, खेळ खलास. मला वाटलं पीसच खराब, म्हणून दुसरा लावला. तोही गेला. हसा.

मग इंजेक्टर उलटा केला. स्टिकरवर ‘४८ व्होल्ट, ०.५ अँपिअर, ४-५ प्लस, ७-८ मायनस’. ८०२.३ चा पत्ता नाही. शुद्ध पॅसिव्ह! आधी मल्टिमीटर लावा: मोकळ्या केबलवर सलग ४८ दिसले की परत पाठवा. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. माझ्या तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी तिथे गुपचूप ‘पॅसिव्ह’ शब्द आला.

विक्रेता म्हणतो, वापरलेला माल परत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटवाले म्हणतात, चुकीचं व्होल्टेज, वॉरंटी रद्द. तक्रार कक्षाला १७ दिवसांत ९ ईमेल केले, दर वेळी नवा तक्रार क्रमांक. एकदा फोनवर माणूस भेटला. त्याने विचारलं, ‘इंजेक्टरचा लाईट लागतोय ना? मग चालू आहे की!’ अहो, तो लागतोय हीच तर तक्रार आहे! काल उत्तर आलंय. न वापरलेला तिसरा इंजेक्टर तपासणीसाठी पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा.