सोलापुरात ऑर्केस्ट्रात वाजवायचं की स्वतःची गाणी काढायची?

पैसा बघायचा असेल तर ऑर्केस्ट्राच, त्यात वादच नाही. गणपती, नवरात्र, १४ एप्रिलची जयंती, मग लगीनसराई, सुपाऱ्या (म्हणजे कार्यक्रमांची बुकिंगं) चालूच असतात, फक्त इसार हातात पडल्याशिवाय कीबोर्ड गाडीत टाकायचा नाही (उरलेल्या पैशासाठी मंडळाच्या खजिनदाराला फोन लावत बसायचं ते वेगळंच). आणि हे सोलापूर आहे बाबा, एकाच रात्री मराठी, हिंदी, वर कन्नड फर्माईश, आणि पूर्व भागातलं लग्न असेल तर तेलुगू गाणी यायलाच पाहिजेत, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा कोणीतरी. त्यामुळे हात असा तयार होतो की गायिकेने ऐनवेळी पट्टी बदलली तरी घाम फुटत नाही. पण अख्ख्या रात्रीत आपलं म्हणावं असं गाणं एकही नाही.

स्वतःची गाणी काढायला लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), एक बरा माइक आणि खिडकीवर जाड सोलापुरी चादर, एवढ्यात काम होतं. शेजारी यंत्रमाग असेल तर मात्र रात्रीची वाट बघा, चादर तिथे काही करत नाही! कमाईचं विचारू नका, स्पॉटिफायवर २०२४ पासून गाण्याला १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम झाल्याशिवाय रॉयल्टीच नाही, आणि इथे ओरिजिनल ऐकायला तिकीट काढून येणार कोण, म्हणून पोरं पुण्याला पळतात.

मी म्हणतो पळू नका एवढ्यात, पावसाळ्यात गणपतीआधी सुपाऱ्या थंड असतात तेव्हा रेकॉर्डिंग उरकून घ्या.