सिटी मॅनेजरच्या भरतीतलं ‘रहिवासी सहभाग’ पॅकेज: काय घ्यावं, काय सोडावं

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांचा रोजचा कारभार महापौर पाहत नाही, कौन्सिलनं नेमलेला पगारी सिटी मॅनेजर पाहतो. 1908 साली व्हर्जिनियातल्या स्टँटननं असा माणूस पहिल्यांदा नेमला. ओहायोतल्या डेटननं 1913 च्या महापुरानंतर ही पद्धत उचलली आणि आज फिनिक्स, सॅन अँटोनियो ही शहरंही तिच्यावरच चालतात. आपल्याकडच्या आयुक्तासारखा हा माणूस राज्य सरकार पाठवत नाही. कौन्सिल त्याला शोधतं आणि शोधाचं काम बहुधा भरती सल्लागार कंपनीला देतं. या कंपन्या ‘रहिवासी सहभाग’ या नावाखाली सहसा तीन गोष्टी देतात: ऑनलाइन सर्वेक्षण, दोन-तीन बैठका आणि अंतिम उमेदवारांशी भेटीची संध्याकाळ.

यातलं सर्वेक्षण सगळ्यात स्वस्त, आणि तेच सगळ्यात जास्त वाया जातं. तयार नमुन्यात ‘मॅनेजरमध्ये कोणते गुण हवेत?’ असं विचारून खाली प्रामाणिकपणा, पारदर्शकता, संवादकौशल्य अशा दहा चौकटी दिलेल्या असतात. लोक दहाही चौकटींवर खूण करतात. अप्रामाणिक मॅनेजर हवा, असं कोण लिहिणार? कंपनीशी करार करतानाच हा नमुना बदलून घ्यावा. दहापैकी तीनच गुण निवडता यावेत आणि निदान दोन प्रश्न ओढाताणीचे असावेत: जुन्या जलवाहिन्या बदलायला कर्ज काढायचं, की पाणीपट्टी वाढवायची, की काम पुढं ढकलायचं? शेवटी एकच मोकळा प्रश्न ठेवावा, ‘पहिल्या सहा महिन्यांत कोणतं एक काम हातात घ्यावं?’ उमेदवारांच्या मुलाखतीचे प्रश्न याच उत्तरांतून निघतात.

वेळापत्रक मात्र स्वतः तपासा. कसा माणूस हवा हे भरतीच्या माहितीपत्रकात छापलं जातं, त्यामुळे ते छापण्याआधी सर्वेक्षण संपलेलं हवं. पत्रक बाहेर पडलंय आणि सर्वेक्षण अजून सुरूच आहे, हा घोळ नेहमीचा आहे. मग लोकांची उत्तरं फक्त फाइलला लागतात. कागदी फॉर्म ग्रंथालयात ठेवायला सांगा, शहरात बोलल्या जाणाऱ्या भाषांत ते छापून घ्या आणि रहिवाशाचा भाग विचारा. नाहीतर एकाच वस्तीचा आवाज साऱ्या शहराचा म्हणून मोजला जातो.

भेटीची संध्याकाळ फोटोला छान, निवडीला बेताची. सराईत बोलणारा तिथं बाजी मारतो. अंदाजपत्रकात मुरलेला पण मितभाषी उमेदवार मागं पडतो. शिवाय नाव जाहीर झालं की सध्याच्या नोकरीत त्याची पंचाईत होते, म्हणून काही चांगले उमेदवार याच टप्प्यावर माघार घेतात. फ्लोरिडात अर्जच सार्वजनिक नोंद असतात, तिथं हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच असतो. तरीही संध्याकाळ ठेवायचीच असेल, तर सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. लोकांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत आणि सूत्रसंचालकानं ते आधी चाळावेत, कारण ‘मुलं किती?’, ‘चर्चला जाता का?’ असं कुणीतरी विचारतंच आणि शहर भेदभावाच्या तक्रारीत अडकू शकतं. अभिप्रायपत्रिकेवर पसंतीक्रम मागू नये. प्रत्येक उमेदवारासाठी दोनच ओळी पुरेत: ‘काय पटलं’ आणि ‘कशाची शंका वाटते’. पत्रिका दारातच गोळा करून कौन्सिलच्या बंद बैठकीआधी सदस्यांच्या हातात पडायला हव्यात. ‘दोन दिवसांत संकलित अहवाल देऊ’ असं कंपनी म्हणाली, तर बैठकीची तारीख विचारा. बहुतेकदा ती दुसऱ्याच दिवशी सकाळी असते.

संध्याकाळीऐवजी पाच ते सात रहिवाशांचं मुलाखत मंडळ मागितलं तर पैसे जास्त वसूल होतात. त्यांच्याकडून गोपनीयतेची सही घ्यावी, अर्धा दिवस प्रशिक्षण द्यावं आणि मत सल्ल्यापुरतंच आहे, अंतिम मतदान कौन्सिलचं, हे पहिल्याच पत्रात लिहावं. हे वाक्य राहिलं की निवडीनंतर ‘आमचं ऐकलंच नाही’ ही ओरड ठरलेली.

नोकरीचा करार सहसा पॅकेजमध्ये नसतो. चाळीस हजारांहून कमी वस्तीच्या कॅलिफोर्नियातल्या बेल शहरात मॅनेजरचा वर्षाचा पगार 7 लाख 87 हजार डॉलरवर गेल्याचं 2010 मध्ये उघड झालं, तेव्हा रहिवाशांना धक्काच बसला. म्हणून कराराचा मसुदा मतदानाच्या निदान आठवडाभर आधी जाहीर करण्याची अट कंपनीच्या कामाच्या यादीतच घालून घ्या, आणि त्यात मूळ पगारासोबत भत्ते, निवृत्तिवेतनाचा वाटा आणि काढून टाकल्यास किती महिन्यांचा पगार द्यायचा, हेही दिसलं पाहिजे.