कनेक्शन पूल ॲपमध्ये ठेवायचा की पीजीबाउन्सरमध्ये?

पोस्टग्रेस डेटाबेससमोर कनेक्शन पूल, म्हणजे उघडून ठेवलेल्या आणि पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा, कुठे बसवायचा, ॲपच्या आत की पीजीबाउन्सर या मधल्या स्वतंत्र प्रोग्रामात, हा निर्णय बहुतेक वेळा वेगाचे आकडे पाहून होतो. आमच्या मते तो बग पाहून व्हावा, कारण दोन्हीकडे पूल बिघडतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

ॲपमधल्या पूलचं, उदाहरणार्थ जावातल्या हिकारीसीपी लायब्ररीचं, पहिलं दुखणं म्हणजे गळती. एक्सेप्शनच्या वाटेवर क्लोज राहून गेलं की कनेक्शन पूलमध्ये परतत नाही. डिफॉल्ट कमाल १० कनेक्शनं. दहा गळली की अकरावी मागणी ३० सेकंद थांबून टाइमआउटने मरते. लॉगमध्ये बळी दिसतो, गुन्हेगार दिसत नाही. म्हणून हिकारीचा लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड, म्हणजे कनेक्शन किती वेळ परतलं नाही की गळतीचा संशय घ्यायचा ती मर्यादा, चालू करा. तो मुळात बंद असतो आणि किमान २००० मिलिसेकंद ठेवावा लागतो. मग कनेक्शन नेमकं कुठे घेतलं, त्याचा स्टॅक ट्रेस मिळतो. ही सोय पीजीबाउन्सर देऊच शकत नाही, कारण तुमचा कोड त्याला दिसत नाही.

दुसरं दुखणं बेरजेचं. ॲपच्या प्रत्येक इन्स्टन्सचा (चालू प्रतीचा) पूल वेगळा, म्हणजे १२ इन्स्टन्स गुणिले १० म्हणजे १२० कनेक्शनं. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. रोलिंग डिप्लॉयमध्ये, म्हणजे नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढवताना, जुने-नवे इन्स्टन्स एकत्र चालतात, तेव्हा एरवी मर्यादेत बसणारा आकडाही फुटतो. इथे पीजीबाउन्सर खरोखर कामाला येतो: ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच हाती देण्याच्या पद्धतीत, शेकडो क्लायंट २० सर्व्हर कनेक्शनांवर भागतात.

पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती उशिरा कळते. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये कमिट झालं की सर्व्हर कनेक्शन दुसऱ्याच्या हातात जातं. तुम्ही सेट कमांडने बदललेली सेटिंग तिथेच राहते आणि भलत्याच क्लायंटला लागू होते; म्हणून ट्रान्झॅक्शनच्या आत सेट लोकल वापरा. सेशन पातळीचं ॲडव्हायझरी लॉक (ॲपने स्वतःहून मागितलेलं कुलूप) एका कनेक्शनवर घेतलं जातं, अनलॉक दुसऱ्यावर पोहोचतं. तिथे फक्त वॉर्निंग येते आणि मूळ लॉक ते सर्व्हर कनेक्शन बंद होईपर्यंत अडून बसतं. लिसन, म्हणजे डेटाबेसच्या सूचना ऐकत राहणं, तेही चालत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरीचा) त्रास मात्र पीजीबाउन्सरच्या १.२१ आवृत्तीपासून मिटवता येतो, मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स शून्याहून जास्त ठेवून.

हिकारी याबाबत पूर्ण निर्दोष आहे असं नाही. ऑटोकमिट, आयसोलेशन लेव्हल किंवा स्कीमा जेडीबीसीच्या (जावाच्या डेटाबेस इंटरफेसच्या) मेथडने बदलले असतील, तर परत घेताना तो ते पूर्ववत करतो. हाच बदल एसक्यूएलमधून केला तर त्याला पत्ता लागत नाही.

एक बग दोन्हीकडे सारखाच आहे, आणि सर्वांत फसवा तोच. एका थ्रेडने एक कनेक्शन धरून दुसरं मागितलं, समजा ऑडिटच्या नोंदीसाठी वेगळं ट्रान्झॅक्शन उघडलं, तर दहा थ्रेड दहा कनेक्शनं धरून एकमेकांची वाट पाहतात. थांबणं पूलच्या दारात आहे, डेटाबेसच्या आत नाही, त्यामुळे पोस्टग्रेसचा डेडलॉक डिटेक्टर गप्प राहतो. पूलचा आकार किमान थ्रेड × (प्रत्येकी कनेक्शनं − १) + १ ठेवा, इथे ११. पीजीबाउन्सरमध्ये तीच कोंडी डिफॉल्टने १२० सेकंद चालते. पीजीबाउन्सरच्या शो पूल्स कमांडमधला सीएल_वेटिंग (थांबलेल्या क्लायंटचा आकडा) वाढत असेल आणि डेटाबेस निवांत असेल, तर संशय इथेच घ्या.

तीन-चार इन्स्टन्स असतील तर ॲपचा पूल पुरे. गळती तिथे सापडते तरी. संख्या वरखाली होत असेल तर पीजीबाउन्सर घ्या, पण ॲपचा छोटा पूल काढू नका. आणि स्थलांतराआधी कोडमध्ये सेट, लिसन, ॲडव्हायझरी लॉक आणि टेम्पररी टेबल शोधून काढा. ज्या कामांना ते लागतं, त्यांना पीजीबाउन्सरच्या ६४३२ ऐवजी थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर पाठवा.