रस्ट: बॉरो चेकरशी जमलं, असिंकशी नाही

दिवाळीपासून रोज रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत काम करतोय. नागपूरच्या कळमन्यातल्या एका व्यापाऱ्याच्या धरमकाट्याचं वजन सिरियल पोर्टवरून वाचायचं, पावती काढायची, नोंद सर्व्हरला पाठवायची. आधी हे पायथनमध्ये होतं. संत्र्याच्या हंगामात गाड्यांची रांग लागली की दोन थ्रेड (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या वाटा) एकाच नोंदीत हात घालायचे आणि एका गाडीचं वजन दुसरीच्या पावतीवर जायचं. शेतकऱ्याच्या पैशाचा मामला, म्हणून भाषा बदलली.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो, रोजच्या कामाला ही भाषा फार जड आहे. मालकी (कुठला डेटा कोणाचा), बॉरो (तो तात्पुरता उसना घेणं), लाइफटाइम (उसना किती वेळ चालेल), वर स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराचे, दोन प्रकार. आता तसं वाटत नाही. बॉरो चेकर, म्हणजे हे नियम प्रोग्राम बनतानाच तपासणारा भाग, अडवतो तेव्हा बहुतेक वेळा खरंच गडबड असते, आणि बरेचदा उपायही तोच सुचवतो. थ्रेडमध्ये वाटून घेतलेली नोंद कुलूप न लावता बदलूच देत नाही. आम्हाला हेच हवं होतं.

माझी तक्रार असिंकबद्दल आहे, म्हणजे एका कामाची वाट बघताना दुसरं काम चालू ठेवायची सोय; जिथे वाट बघायची तिथे अवेट लिहायचं. असिंक-अवेट रस्ट 1.39 मध्ये, नोव्हेंबर 2019 ला स्थिर झालं. ट्रेटमध्ये (वेगवेगळ्या प्रकारांनी पुरवायच्या फंक्शनांची यादी) असिंक फंक्शन थेट लिहायला डिसेंबर 2023 उजाडलं. तोवर लोक वेगळं क्रेट (तयार लायब्ररी) लावून भागवत होते. आमच्याकडच्या नव्या मुलीने म्युटेक्स (डेटावरचं कुलूप) लॉक करून वजन वाचलं आणि पुढच्याच ओळीत सर्व्हरसाठी अवेट लावलं. एरर आला: ‘फ्युचर कॅनॉट बी सेंट बिटवीन थ्रेड्स सेफली’, म्हणजे हे अर्धवट असिंक काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर सुरक्षित नेता येत नाही. एररचं बोट टोकिओ-स्पॉनच्या (टोकिओ या असिंक लायब्ररीला काम सोपवायच्या) ओळीवर, चूक आतल्या फंक्शनमध्ये. खाली टिपेत अवेटची ओळ दिलेली असते, पण ती समजायला सेंड (दुसऱ्या थ्रेडवर नेता येणं), गार्ड (कुलूप धरून ठेवणारी वस्तू), एक्झिक्युटर (असिंक कामं चालवणारा भाग) हे सगळं आधी माहीत हवं. लॉकचा गार्ड अवेट ओलांडून जिवंत राहत होता आणि तो दुसऱ्या थ्रेडवर नेता येत नाही, एवढंच कारण. गार्ड आधीच संपावा म्हणून महिरपी कंसाची एक जोडी टाकली, वजन कॉपी करून बाहेर काढलं, मग अवेट, झालं. पण तिचा अख्खा दिवस गेला. हुशार पोरगी आहे, दोष तिचा नाही.

शेवटी असिंक काढूनच टाकलं. काट्यावर एका वेळी एकच गाडी चढते. वाचायला एक थ्रेड, पाठवायला एक, मध्ये नोंदी पुढे सरकवणारं चॅनल. डिपेंडन्सी (बाहेरच्या लायब्ररी) घटल्या, बिल्ड (कोडचा प्रोग्राम बनवणं) लवकर होऊ लागला. 8 जीबीच्या लॅपटॉपवर, मे महिन्यात कूलरसमोर बसून काम करणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. बिल्डच्या फायलींचा टार्गेट फोल्डर मात्र अजूनही फुगतोच, तो रिकामा करायला अधूनमधून कार्गो क्लीन ही कमांड मारावी लागते.

हजारो कनेक्शन एकाच वेळी सांभाळायची नसतील तर टोकिओच्या वाटेला जाऊ नका. साधे थ्रेड वापरून रस्ट खुशाल घ्या. ऑफिसचे रोजचे रिपोर्ट आमच्याकडे अजून पायथनमध्येच आहेत, आणि ते हलवायचं काही कारण मला दिसत नाही.