पट्ट्या की व्हिडिओ, वही की ॲप: होमस्कूलिंग करताना आमच्या घरात काय टिकलं आणि काय कपाटात गेलं

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं की पहिले दोन-तीन महिने नुसत्या शोधाशोधीत जातात. कुठलं ॲप, कुठला किट, कुठला कोर्स, मुलं झोपली की रात्री टॅबवर टॅब उघडायचे आणि सकाळी डोकं आणखी भंजाळलेलं. आमच्याकडे मोठी ११ वर्षांची, धाकटा ६ वर्षांचा, चार वर्षं झाली आता घरी शिकतोय आम्ही, आणि एवढ्यात खूप गोष्टी आणल्या, डाउनलोड केल्या, काही टिकल्या, काही दोन आठवड्यांत कपाटात गेल्या. ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी समोरासमोर ठेवून लिहितेय.

माझी कसोटी एकच आहे, ती आधी सांगते म्हणजे पुढचं कुठून आलं ते कळेल. वस्तू किंवा स्क्रीन बाजूला ठेवल्यावर पुढच्या तासाभरात मूल काय करतं ते मी बघते. त्यातलंच काहीतरी घेऊन खेळतंय, कुणाला तरी सांगतंय, कागदावर काढतंय, तर ती गोष्ट आमच्या घरात राहते. "आता काय करू?" म्हणत मागे मागे फिरायला लागलं, तर ती कितीही नावाजलेली असो, मी तिचा वेळ कमी करते.

गणित: खान अकॅडमी आणि रंगीत पट्ट्या

सगळ्यात जास्त लोक हेच विचारतात म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

खान अकॅडमी ही व्हिडिओंतून शिकवणारी वेबसाइट सॅल खान यांनी २००८ मध्ये सुरू केली, ना-नफा संस्था आहे, मुलांसाठीचे धडे आणि सराव सगळं मोफत, जाहिराती नाहीत. मला त्याची सुरुवात फार आवडते, ते नात्यातल्या एका मुलीला लांबून गणित शिकवत होते आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं, म्हणजे एका अर्थी घरचीच शिकवणी. होमस्कूलिंगवाल्यांना याचा मोठा फायदा असा की इयत्तेचं बंधन नाही. माझी मोठी भूमितीत वयाच्या पुढे आणि अपूर्णांकात मागे होती, तर एकाच दिवशी ती दोन वेगवेगळ्या इयत्तांचं करायची आणि त्यात तिला काही कमीपणा वाटायचा नाही, कारण शेजारी बसून तुलना करायला कुणी नव्हतं. सराव केला की लगेच कळतं कुठे चुकलं, पाहिजे तर मागे जाऊन पुन्हा बघता येतं, आणि आईला त्या वेळात धाकट्याकडे बघता येतं, हाही फायदा लहान नाही.

पण व्हिडिओवरून शिकण्यात एक धोका असतो, मग तो व्हिडिओ कुणाचाही असो. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. मोठीने अपूर्णांकांचा भागाकार असाच शिकून घेतला, उलटा करून गुणायचं, उत्तरं सगळी बरोबर, आणि दोन दिवसांनी मी सहज विचारलं की अगं पण उलटा का करायचा, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

तेव्हा पट्ट्या काढल्या. कुइझनेअर रॉड्स म्हणतात त्यांना, जॉर्ज कुइझनेअर नावाच्या बेल्जियमच्या शिक्षकाने बनवलेल्या, १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंत दहा लांब्या आणि प्रत्येक लांबीला ठरलेला रंग. पांढरी १, लाल २, फिकट हिरवी ३, जांभळी ४, पिवळी ५ असं करत केशरी १०. पट्टीवर आकडा लिहिलेला नसतो, हीच त्यातली गंमत आहे, त्यामुळे कुठलीही लांबी "एक" मानता येते. केशरी आणि लाल जोडून १२ ची लांबी केली आणि तिला म्हटलं हा आपला एक. मग अर्धा म्हणजे गडद हिरवी, सहाची. एक षष्ठांश म्हणजे लाल. आता अर्ध्यात एक षष्ठांश किती वेळा बसतो? तिने तीन लाल पट्ट्या हिरवीखाली ठेवल्या आणि स्वतःच म्हणाली, "तीन! म्हणजे भागाकार म्हणजे बसवून बघणं!" हे वाक्य मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

आणि माझ्या कसोटीत पट्ट्या का जिंकतात ते सांगते. एकदा धाकट्याला फक्त एवढंच म्हटलं की ३ ची लांबी किती प्रकारांनी बनते बघ. ४ प्रकार निघाले, ३ ची एक पट्टी, २ आणि १, १ आणि २, आणि तीन पांढऱ्या. ४ च्या लांबीचे ८ निघाले. तेवढ्यात मोठी आली, म्हणाली थांब, ५ चे १६ होणार, आणि झाले. मग ६ चे ३२ करायला दोघं जमिनीवर पसरली आणि पांढऱ्या पट्ट्या संपल्या, कारण त्या ३२ ओळींत मिळून ६४ पांढऱ्या लागतात आणि डब्यात तेवढ्या नव्हत्या, तर दोघांनी कागदाचे चौकोन कापून काम चालवलं. सकाळ त्यातच गेली, मी फक्त बाजूला बसून होते.

पट्ट्यांची अडचणही सांगायला हवी. आई-बाबांपैकी कुणीतरी सोबत बसावं लागतं, निदान सुरुवातीला प्रश्न तरी द्यावा लागतो. नुसता डबा मुलासमोर ठेवला तर तो घर बांधतो, तेही चांगलंच आहे, पण अपूर्णांक आपोआप येत नाहीत. ज्यांच्या घरी दोघंही कामात असतात आणि मुलाला दिवसाचा तासभर एकट्याने बसायचंय त्यांना पट्ट्यांपेक्षा खान अकॅडमी जास्त उपयोगी पडेल हे मी मान्य करते. मूल ८ च्या आतलं असेल तर मात्र मी डोळे झाकून पट्ट्या सांगेन. १० च्या पुढे, स्वतः वाचून करणारं मूल असेल तर खान अकॅडमी, आणि अडलं की पट्ट्या. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं ॲप जरूर घ्या, मोफत आहे, त्रिकोणाचा कोपरा ओढला की सगळे कोन बदलतात पण बेरीज १८० च राहते, हे हाताने ओढून बघितलेलं मूल विसरत नाही.

विज्ञान: खरा बल्ब आणि स्क्रीनवरचा बल्ब

फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग आहेत, कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. मोफत आहेत. त्यातलं विजेच्या सर्किटचं मला सर्वात आवडतं, कारण तारेतले इलेक्ट्रॉन हलताना दिसतात आणि शॉर्ट सर्किट केलं तर स्क्रीनवरच जाळ दिसतो. खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन दिसणं शक्यच नाही आणि जाळ तर नकोच.

तरी आधी खरी बॅटरी, खरी तार, छोटा बल्ब. बल्ब लागत नाही तेव्हा मूल जे करतं, तार सैल आहे का बघतं, सेल उलटा करतं, दुसरा बल्ब लावून बघतं, ते शोधणंच विज्ञान आहे आणि स्क्रीनवर तार कधी सैल होत नाही. हातात घेण्यासाठी साध्या छोट्या सेलवरचंच सर्किट, भिंतीच्या प्लगजवळ काही नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच बजावून ठेवा. खऱ्यावर एक आठवडा गेला की मग फेट द्या, तेव्हा "आत हे चाललं होतं होय!" असं होतं. उलट क्रमाने केलं तर खरा बल्ब फिका वाटतो, असा माझा अनुभव.

बाहेर फिरताना: झाडाची वही आणि सीक ॲप

हा आमचा सर्वात लाडका भाग, आणि इथे माझं मत बदललंय.

शार्लट मेसन म्हणून एक ब्रिटिश शिक्षिका होत्या, १८४२ ते १९२३, मुलांनी रोज बाहेर जावं, डोळ्यांनी नीट बघावं आणि निसर्गाची वही ठेवावी यावर त्यांचा फार भर होता. आम्ही ते सोपं करून घेतलं, एकच झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडाखाली दहा मिनिटं बसून जे दिसेल ते काढायचं. पहिले तीन आठवडे मुलं कंटाळली, खरं सांगते. चौथ्या आठवड्यात धाकट्याच्या लक्षात आलं की पानं समोरासमोर जोडीने येत नाहीत, एक इकडे एक तिकडे येतात, आणि घरी येताना तो वाटेतल्या प्रत्येक झुडपाची पानं तपासत होता.

सीक हे आयनॅचरलिस्टवाल्यांचं, म्हणजे लोकांनी पाहिलेल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवाल्यांचं ॲप, कॅमेरा धरला की झाड, किडा, पक्षी ओळखायचा प्रयत्न करतं, अकाउंट लागत नाही म्हणून मुलांना द्यायला बरं. मोठ्या आयनॅचरलिस्टवर तुमची नोंद जागेसकट सगळ्यांना दिसू शकते, तिथे मुलांसाठी मोठ्यांनीच अकाउंट सांभाळावं. सीकची एक गोष्ट मला मनापासून पटते, खात्री नसेल तर ते उगाच नाव ठोकून देत नाही, कुळापर्यंत किंवा गटापर्यंत येऊन थांबतं. "मला एवढंच माहीत आहे" असं म्हणणं मुलांना शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

आधी मी ॲपच्या विरोधात होते, कारण नाव कळलं की मूल पुढे पळतं, बघणं संपतं. आता आमचा नियम झालाय, आधी चित्र, मग नाव. चित्र काढताना पाय किती, पंख कसे, देठावर केस आहेत का हे सगळं बघून झालेलं असतं, मग नाव कळलं की त्यावर पुस्तक शोधता येतं, नाव नसेल तर शोधणार काय? पक्ष्यांच्या आवाजासाठी मर्लिन घ्या, कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, मोफत, आणि पक्षी पानांत लपलेला असला तरी आवाजावरून सुचवतं.

ज्यांना बाहेर जाणं जमत नाही त्यांनी चंद्राची वही ठेवा. खिडकी पुरते. रोज एक गोल काढायचा आणि उजळलेला भाग रंगवायचा, वेळ लिहायची. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि साधारण साडे एकोणतीस दिवसांनी पुन्हा तोच आकार येतो, हे मोठीने वहीतून काढलं आणि मग पुढच्या पौर्णिमेची तारीख आधीच सांगितली. तारखेचा ताळा आम्ही स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर करून घेतला, तेही मोफत आहे.

गोष्टी: वाचून दाखवणं आणि ऑडिओबुक

इथे मी लवकर आटपते कारण मला शंकाच नाही. वाचून दाखवा. मूल मध्येच थांबवतं, "म्हणजे काय?" विचारतं, मांडीवर डोकं ठेवतं, हे रेकॉर्डिंगमध्ये नाही. ऑडिओबुक प्रवासात, आजारपणात किंवा हाताने काही करत असताना छान. लिब्रिवॉक्सवर २००५ पासून स्वयंसेवक जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचून टाकतात, सगळं मोफत, पण वाचणारा प्रत्येक वेळी वेगळा, म्हणून मुलांना द्यायच्या आधी पाच मिनिटं स्वतः ऐका. आणि मराठी चित्रपुस्तकं संपली असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर उघडावं, पातळीप्रमाणे लावलेली आहेत, डाउनलोड करून छापता येतात. धाकटा त्यावरच वाचायला शिकला. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका, "मला सांग बरं गोष्ट" एवढंच म्हणा, किती लक्षात राहिलंय आणि काय भिडलंय दोन्ही कळतं.

फावला वेळ: स्क्रॅच, बुद्धिबळ, सेट

स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून स्वतःचे गेम आणि गोष्टी बनवायचं मुलांचं प्रोग्रॅमिंग, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालं, २००७ मध्ये खुलं झालं, ८ ते १६ वयासाठी, त्याहून लहानांना स्क्रॅच ज्युनिअर. इतर स्क्रीनशी त्याची तुलना करू नका, कारण इथे मूल बनवतं. पण वेळ ठरवून द्या, दुसऱ्यांचे गेम खेळण्यातच तास जातो कधीकधी. आमच्याकडे नियम असा की दुसऱ्याचा गेम आवडला तर तो उघडून आतले ब्लॉक बघायचे आणि एक तरी गोष्ट बदलायची.

बुद्धिबळासाठी लीचेस, मोफत आणि जाहिराती नाहीत, पण घरच्या पटावर बाबांशी खेळलेल्या डावाची सर त्याला नाही. बुद्धिबळात एकच अडचण, ११ आणि ६ वर्षांची भावंडं एकमेकांशी खेळली की लहान रडणार. म्हणून भावंडांत अंतर असेल तर सेट हा पत्त्यांचा खेळ घ्या. ८१ पत्ते, आकार, रंग, संख्या आणि भरण (आकार रिकामा, रेघांचा की पूर्ण भरलेला) अशा चार गोष्टी, तीन पत्त्यांत प्रत्येक गोष्ट एकतर तिन्हींत सारखी किंवा तिन्हींत वेगळी हवी, की झाला सेट. वाचता यायची गरज नाही, नशीबही फार नाही, आणि लहान मुलं मोठ्यांना खरोखर हरवतात. कुठलेही दोन पत्ते घेतले तर सेट पूर्ण करणारा तिसरा पत्ता एकच असतो, हे मोठीला कळलं तेव्हा तिने वहीत ते सिद्ध करायचा प्रयत्न केला.

तयार पूर्ण अभ्यासक्रम घ्यावा का

पहिल्या वर्षी आम्ही एक घेतला होता, सगळे विषय, रोजचं वेळापत्रक, भलीमोठी पेटी. भीतीपोटी घेतला, काही सुटू नये म्हणून. दोन महिन्यांत आम्ही शिकत कमी आणि मागे पडलेली पानं भरत जास्त होतो, मुलं रडकुंडीला आली आणि मीही. तरी मी सरसकट नाही म्हणणार नाही. शाळेतून मधल्या वर्षी मूल काढलंय, घरात आजारपण आहे, किंवा एकट्यानेच सगळं बघायचंय, तर एक वर्ष तयार अभ्यासक्रमाचा आधार खूप मोठा असतो. दुसऱ्या टोकाला अनस्कूलिंग, हा शब्द जॉन होल्ट यांनी १९७७ च्या सुमारास रुळवला, मूल जे धरेल त्यामागे जायचं. ते मला मनातून आवडतं, पण गणितासाठी माझा धीर झाला नाही, गणित आम्ही रोज अर्धा तास ठरवूनच करतो आणि बाकी मोकळं.

अगदी आज सुरू करायचं असेल तर पट्ट्यांचा एक डबा, एक कोरी वही, सेटचे पत्ते आणि वाचनालयाचं कार्ड एवढंच घ्या. ॲप्स सगळी मोफत आहेत, ती पळून जात नाहीत, महिनाभराने बघितली तरी चालतील, तोवर झाड ठरवून टाका.