विश्रामबागेतला कीबोर्ड क्लास: मायनर एकदाचं डोक्यात शिरलं

सांगलीत विश्रामबागेत शनिवार-रविवारचा एक क्लास दोन महिने केला, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे. मी भजनी मंडळातला पेटीवाला, त्यामुळं पांढरी चार, काळी एक एवढंच माहीत, अन् पोरगं गिटार शिकायला लागल्यापासनं घरात ए मायनर, ई मायनर (ए, ई ही सुरांची इंग्रजी नावं, मायनर म्हणजे ग कोमल असलेली सुरावट) चालायचं ते सगळं डोक्यावरनं जायचं.

पहिल्याच दिवशी सरांनी ए पासनं ए पर्यंत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवायला लावल्या, म्हणले काका, ह्यात सा कुठला? मी सवयीनं सी म्हणलो. ए ला सा धरा म्हणले, धरला, तर ग ध नी कोमल, अहो हा आपला आसावरी थाट (सात सुरांचा साचा) की! हे झालं नॅचरल मायनर. त्यात जी चा जी शार्प, म्हणजे लगेच वरची काळी पट्टी, केला की नी शुद्ध, ते हार्मोनिक, आपल्या किरवाणी रागाचे सूर, कोमल धैवतावरनं शुद्ध निषादावर ती लांब उडी वाजवताना मजा येते राव. मेलोडिक जरा भंजाळणारं आहे, चढताना ध नी दोन्ही शुद्ध अन् उतरताना दोन्ही कोमल.

की, म्हणजे गाण्याचा सा कुठला अन् ते मेजर (ग शुद्ध) का मायनर, हे ओळखायचं पण मस्त शिकवलं. नोटेशनच्या कागदावर ओळीच्या सुरुवातीला एक शार्पची खूण असली तर जी मेजर नाहीतर ई मायनर, दोघांची खूण एकच. मेजरपासनं काळ्या पट्ट्या धरून तीन घरं खाली आलं की त्याचं मायनर. मग दोघातलं कुठलं? शेवटचा सूर अन् शेवटची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बघा म्हणले, अन् मधेमधे डी शार्प, म्हणजे ई चा शुद्ध नी, भेटत असला तर बहुतेक ई मायनरच.

आता तक्रार. नोट्सच्या झेरॉक्स लय बेकार. होमवर्कच्या कागदावर मला दोन शार्प दिसले, आख्खा रविवार डी मेजर डी मेजर करत बसलो, शेवट ई वर का येतोय कळंना, ई ला सा धरून वाजवलं तर काफी थाट ऐकू यायला लागला. सोमवारी सरांना फोटो पाठवला तर दुसरा शार्प म्हणजे मशीनचा डाग! सी शार्प नव्हताच, साधा ई मायनर होता.

बॅचला सहाजण अन् कीबोर्ड चारच, ते पण सुधारा. पेटीवाल्यांनी बिनधास्त जावा, फक्त कागदाचा ओरिजिनल फोटो मागून घ्या.